एकसामयिक समीकरणांची उकल: आलेख काढून आणि चलाचा लोप करून

दोन चलांचे एकच रेषीय समीकरण दिले असेल, तर त्याची एक ठरावीक उकल नसते. क्ष + २य = ८ हे समीकरण (८, ०) या जोडीने सत्य ठरते, (४, २) आणि (०, ४) या जोड्यांनी ठरते, (−२, ५) या जोडीनेही ठरते, आणि अशा जोड्या हव्या तितक्या काढता येतात. त्याच दोन चलांवर आणखी एक अट घातली, म्हणजे दुसरे समीकरण दिले, की दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारी जोडी शोधावी लागते. अशा समीकरणांना एकसामयिक समीकरणे म्हणतात आणि ती सामाईक जोडी म्हणजे त्यांची उकल.

ही उकल काढण्याच्या आलेख पद्धत आणि लोप पद्धत या दोन रीती बहुधा स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवल्या जातात: एकीत मोजपट्टी आणि पेन्सिल, दुसरीत गुणाकार आणि वजाबाकी. प्रत्यक्षात चलाचा लोप करताना आपण जी प्रत्येक पायरी लिहितो, तिचे चित्र आलेखावर दाखवता येते. ते चित्र मनात पक्के झाले, की पायऱ्या पाठ करण्याची गरज उरत नाही आणि उत्तर कुठे चुकले हेही लवकर सापडते. म्हणून या लेखात दोन्ही पद्धती शक्य तिथे एकाच उदाहरणावर वापरल्या आहेत.

समीकरणे आधी नीट मांडून घ्यावीत

कोणतीही पद्धत वापरण्यापूर्वी दोन्ही समीकरणे एकाच साच्यात आणावीत: चलांची पदे डाव्या बाजूला, स्थिरपद उजव्या बाजूला, आणि क्ष च्या खाली क्ष, य च्या खाली य. पक्षांतर करताना चिन्ह बदलते याकडे इथेच लक्ष द्यावे. अपूर्णांक किंवा दशांश चिन्हे असतील, तर तीही याच टप्प्यावर काढून टाकावीत. उदाहरणार्थ,

क्ष/२ + य/३ = ४
०.३क्ष = ०.२य

यांपैकी पहिल्या समीकरणाला ६ ने, म्हणजे छेदांच्या लसाविने गुणले की ३क्ष + २य = २४ मिळते; दुसऱ्याला १० ने गुणून पक्षांतर केले की ३क्ष − २य = ० मिळते. या नव्या जोडीकडे पाहताच बेरीज करावीशी वाटते: ६क्ष = २४, म्हणून क्ष = ४ आणि य = ६. मूळ रूपात हीच आकडेमोड दुप्पट लांबली असती. गुणताना उजवी बाजूही गुणायची असते, हे सांगण्याइतके साधे असले तरी स्थिरपद तसेच राहून जाणे ही या प्रकरणातील फार नेहमीची चूक आहे.

आलेख पद्धत

पुढील जोडी घेऊ.

क्ष + २य = ८ … (१)
३क्ष − य = ३ … (२)

प्रत्येक समीकरणासाठी जोड्यांचा छोटा तक्ता करावा. एका चलाला सोयीची किंमत द्यावी आणि दुसऱ्याची काढावी. समीकरण (१) मध्ये क्ष = ० घेतल्यास य = ४, य = ० घेतल्यास क्ष = ८, आणि य = २ घेतल्यास क्ष = ४ येतो; म्हणजे (०, ४), (८, ०) आणि (४, २) हे तीन बिंदू मिळाले. समीकरण (२) मधून (०, −३), (१, ०) आणि (३, ६) मिळतात.

रेषा काढायला दोन बिंदू पुरतात हे खरे असले तरी तिसरा बिंदू नेहमी काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, त्यांतील एक चुकलेला असला तरी जाते. तिसरा बिंदू त्याच रेषेवर पडला नाही, तर आकडेमोड चुकली आहे हे मोजपट्टी ठेवताच कळते. शिवाय बिंदू एकमेकांपासून शक्य तितके दूर घ्यावेत, कारण जवळजवळच्या दोन बिंदूंवरून लांबवलेल्या रेषेत पेन्सिलीच्या टोकाएवढी चूकही पुढे वाढत जाते.

त्यानंतर आलेख-कागदावर क्ष-अक्ष आणि य-अक्ष काढून प्रमाण ठरवावे आणि ते कोपऱ्यात लिहावे. तक्त्यातील किंमती −३ ते ८ या दरम्यान आहेत, म्हणून दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक हे प्रमाण इथे सोयीचे आहे. बिंदू स्थापन करताना पहिला निर्देशक क्ष-अक्षाच्या दिशेने आणि दुसरा य-अक्षाच्या दिशेने मोजावा, रेषा दोन्ही टोकांना बिंदूंच्या थोड्या पुढे नेऊन बाण काढावेत, आणि प्रत्येक रेषेवर तिचे समीकरण लिहावे. दोन्ही रेषा (२, ३) या बिंदूत छेदतात.

हा छेदनबिंदू वाचून काम संपत नाही. वाचलेल्या किंमती दोन्ही मूळ समीकरणांत ठेवून ताळा पाहावा: २ + २ × ३ = ८, आणि ३ × २ − ३ = ३. दोन्ही जुळले, म्हणून क्ष = २, य = ३ ही उकल आहे. ताळा एकाच समीकरणात पाहून थांबू नये, कारण पहिल्या रेषेवरचा कोणताही बिंदू पहिले समीकरण पाळतोच.

आलेखाचे उत्तर कुठवर पुरते

आता ही जोडी पाहा.

३क्ष + ४य = १० … (३)
५क्ष − ३य = ३ … (४)

याच प्रमाणावर काळजीपूर्वक आलेख काढला, तर छेदनबिंदू (१.४, १.४) च्या आसपास दिसतो. या किंमती समीकरणांत ठेवल्या की डाव्या बाजू अनुक्रमे ९.८ आणि २.८ येतात. १० आणि ३ च्या त्या जवळ आहेत, पण बरोबर नाहीत. नेमकी उकल क्ष = ४२/२९ आणि य = ४१/२९, म्हणजे सुमारे १.४४८ आणि १.४१४ अशी आहे. या दोन किंमतींमधला फरक कागदावर एक तृतीयांश मिलिमीटर भरतो, आणि साधारण पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते. मोजपट्टी कितीही नेटकी धरली तरी २९ हा छेद आलेखावरून कोणालाही वाचता येणार नाही.

म्हणून आलेखावरून उकल कुठल्या चरणात आहे, साधारण किती आहे आणि मुळात आहे की नाही, हे जाणून घ्यावे. नेमकी किंमत हवी असेल तर लोप पद्धतीकडे वळावे.

लोप पद्धत

समीकरणे (३) आणि (४) याच पद्धतीने सोडवू. पहिला निर्णय असा, की कोणत्या चलाचा लोप करायचा. क्ष चे सहगुणक ३ आणि ५ आहेत, य चे ४ आणि −३ आहेत. य च्या सहगुणकांची चिन्हे विरुद्ध असल्यामुळे तिथे बेरजेने काम होईल, आणि बेरजेत चुका कमी होतात. म्हणून य निवडावा. ४ आणि ३ यांचा लसावि १२ आहे, म्हणून समीकरण (३) ला ३ ने आणि समीकरण (४) ला ४ ने गुणावे.

९क्ष + १२य = ३०
२०क्ष − १२य = १२

बेरीज केली की २९क्ष = ४२, म्हणून क्ष = ४२/२९.

पुढची नेहमीची पायरी म्हणजे ही किंमत एखाद्या मूळ समीकरणात ठेवून य काढणे. क्ष ची किंमत पूर्णांक असती तर तेच करावे. किंमत अशी अवघड अपूर्णांकात आली असेल, तेव्हा मात्र मूळ समीकरणांकडे परत जाऊन या वेळी क्ष चा लोप करावा; अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी त्यामुळे पूर्ण टळते, आणि पहिल्या उत्तरात चूक झालेली असली तरी ती दुसऱ्यात शिरत नाही. समीकरण (३) ला ५ ने आणि (४) ला ३ ने गुणल्यावर मिळते:

१५क्ष + २०य = ५०
१५क्ष − ९य = ९

इथे वजाबाकी करायची आहे, आणि अनेकांचा हात नेमका इथे घसरतो. २०य मधून −९य वजा केल्यावर २०य + ९य, म्हणजे २९य येतो. घाईत तो ११य लिहिला जातो. खालच्या समीकरणातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलून ते कंसात पदाखाली लिहिण्याची पद्धत चांगली आहे. त्याहून सुरक्षित मार्ग असा, की वजाबाकी करायचीच नाही: समीकरण (४) ला ३ ऐवजी −३ ने गुणावे, म्हणजे −१५क्ष + ९य = −९ असे मिळते, आणि मग सरळ बेरीज करावी. २९य = ४१, म्हणून य = ४१/२९.

ताळा: ३ × ४२ + ४ × ४१ = १२६ + १६४ = २९०, आणि २९० ला २९ ने भागले की १० येतात. ५ × ४२ − ३ × ४१ = २१० − १२३ = ८७, आणि ८७ भागिले २९ म्हणजे ३. आलेखावरून काढलेल्या १.४ च्या अंदाजाशीही उत्तर जुळते.

सहगुणकांची अदलाबदल झालेली जोडी दिसली, तर लसाविच्या मागे लागू नये. १०१क्ष + ९९य = ४९९ आणि ९९क्ष + १०१य = ५०१ यांची बेरीज केल्यास २००क्ष + २००य = १०००, म्हणजे क्ष + य = ५ येते; पहिल्यातून दुसरे वजा केल्यास २क्ष − २य = −२, म्हणजे क्ष − य = −१. या सोप्या जोडीवरून क्ष = २, य = ३ हे तोंडी काढता येते.

लोप करताना रेषांचे काय होते

दोन समीकरणांची बेरीज करायला मुळात परवानगी का आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तर असे की क्ष आणि य च्या ज्या किंमती दोन्ही समीकरणे सत्य करतात, त्यांच्यासाठी दोन्हींच्या डाव्या बाजू आपापल्या उजव्या बाजूंइतक्याच असतात, आणि समान राशींत समान राशी मिळवल्या तर बेरजाही समान येतात. म्हणजे उकल असलेली जोडी बेरजेचे समीकरणही पाळते. आलेखाच्या भाषेत, बेरजेची रेषा मूळ छेदनबिंदूतूनच जाते.

हे समीकरणे (१) आणि (२) वर करून पाहावे. क्ष + २य = ८ आणि ३क्ष − य = ३ यांची नुसती बेरीज केली की ४क्ष + य = ११ मिळते. या रेषेवर (१, ७) आणि (३, −१) हे बिंदू आहेत. त्याच आलेख-कागदावर ही तिसरी रेषा काढली, की ती बरोबर (२, ३) मधून जाताना दिसते. तिने आपल्याला काही नवे सांगितलेले नाही. ती पहिल्या दोघींइतकीच तिरपी आणि दोन चलांची आहे. आता समीकरण (२) ला २ ने गुणून (१) मध्ये मिळवावे: ७क्ष = १४, म्हणजे क्ष = २. ही रेषासुद्धा (२, ३) मधूनच जाते, पण ती य-अक्षाला समांतर, सरळ उभी आहे, आणि म्हणून छेदनबिंदूचा पहिला निर्देशक ती थेट सांगते. तसेच समीकरण (१) ला ३ ने गुणून त्यातून (२) वजा केले, की ७य = २१, म्हणजे य = ३ ही आडवी रेषा मिळते.

समीकरणांना वेगवेगळ्या संख्यांनी गुणून मिळवत गेलो, तर छेदनबिंदूतून जाणाऱ्या वेगवेगळ्या रेषा मिळत जातात. दार बिजागरीवर फिरावे तशी रेषा त्या बिंदूभोवती फिरते. योग्य गुणक निवडणे म्हणजे ही रेषा नेमकी उभी किंवा नेमकी आडवी होईल असे करणे. लसाविचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच असतो. छेदनबिंदू मात्र या सगळ्यात जागचा हलत नाही, आणि म्हणूनच शेवटी मिळालेली किंमत मूळ समीकरणांची असते.

यातून एक खबरदारीही निघते. लोप केल्यावर मिळालेले क्ष = २ हे एकटे समीकरण मूळ जोडीची जागा घेऊ शकत नाही, कारण त्या उभ्या रेषेवर असंख्य बिंदू आहेत. त्याच्यासोबत मूळ दोनपैकी एक समीकरण ठेवावेच लागते, आणि म्हणूनच दुसऱ्या चलाची किंमत काढायला आपण मूळ समीकरणाकडे जातो.

रेषा छेदत नाहीत तेव्हा

२क्ष − ३य = ६ आणि ४क्ष − ६य = ५ ही जोडी घ्यावी. पहिल्याला २ ने गुणून त्यातून दुसरे वजा केले, तर दोन्ही चले एकदम नाहीशी होतात आणि ० = ७ उरते. हे विधान असत्य आहे, म्हणजे दोन्ही अटी पाळणारी जोडी असूच शकत नाही; आलेखावर या रेषा समांतर दिसतात. इथे आकडेमोड चुकली असे समजून पुन्हा पुन्हा पायऱ्या तपासण्यात वेळ घालवू नये. ‘उकल नाही’ हेच पूर्ण उत्तर आहे.

दुसरे समीकरण −६क्ष + ९य = −१८ असे असते, तर पहिल्याला ३ ने गुणून मिळवल्यावर ० = ० आले असते. तेव्हा दोन्ही समीकरणे एकाच रेषेची असतात आणि उकली अनंत असतात. अनंत उकली म्हणजे कोणतीही जोडी चालते, असा अर्थ मात्र काढू नये. (१, १) ठेवल्यास २ − ३ = −१ येते, ६ नाही. चालणाऱ्या जोड्या त्याच रेषेवरच्या असाव्या लागतात: म ही कोणतीही संख्या घेऊन क्ष = ३ + ३म, य = २म.

हे आधीच ओळखायचे असेल, तर पहिल्या समीकरणातील क्ष चा सहगुणक आणि दुसऱ्यातील य चा सहगुणक यांच्या गुणाकारातून, दुसऱ्यातील क्ष चा आणि पहिल्यातील य चा सहगुणक यांचा गुणाकार वजा करावा. उत्तर शून्य नसेल, तर उकल एक आणि एकच असते. शून्य असेल, तर रेषा समांतर किंवा एकच असतात.

रेषा जवळजवळ समांतर असतील, तर अधिक सावध राहावे. क्ष + य = २ आणि क्ष + १.०१य = २.०१ यांची उकल (१, १) आहे. दुसऱ्याची उजवी बाजू फक्त ०.०१ ने वाढवून २.०२ केली, की उकल एकदम (०, २) वर जाते. आलेखावर या दोन रेषा एकमेकींवर पडल्यासारख्याच दिसतील. उजव्या बाजूच्या संख्या मोजमापातून आलेल्या असतील, तर अशा जोडीचे उत्तर पायऱ्या अचूक असूनही भरवशाचे नसते.

शाब्दिक उदाहरण

एका द्रावणात २० टक्के आम्ल आहे आणि दुसऱ्यात ५० टक्के. दोन्ही मिसळून ३० टक्के आम्लाचे ६०० मिली द्रावण करायचे आहे. पहिले द्रावण क्ष मिली आणि दुसरे य मिली मानावे. चल कशासाठी मानले, हे एककासह लिहून ठेवावे. एकूण आकारमानावरून क्ष + य = ६००. आम्लावरून ०.२क्ष + ०.५य = १८०, म्हणजे २क्ष + ५य = १८००. पहिल्याला २ ने गुणून दुसऱ्यातून वजा केल्यास ३य = ६००, म्हणून य = २०० मिली आणि क्ष = ४०० मिली. ३० टक्के हे ५० पेक्षा २० ला जवळ आहे, म्हणून सौम्य द्रावण जास्त लागणे सयुक्तिकच आहे. आलेख काढताना इथे १ सेंमी = १०० मिली हे प्रमाण घ्यावे.

आता मिश्रण ६० टक्क्यांचे हवे, असे म्हणू. तेव्हा २क्ष + ५य = ३६०० होते आणि उकल य = ८००, क्ष = −२०० अशी येते. बीजगणित म्हणून ती निर्दोष आहे, पण ऋण आकारमान ओतता येत नाही. आलेखावर छेदनबिंदू पहिल्या चरणाबाहेर गेलेला दिसतो, आणि ५० टक्क्यांहून तीव्र मिश्रण या दोन द्रावणांतून होणार नाही, ही गोष्ट चित्रच सांगते.

तीन चले असतील तर

तीन चलांच्या समीकरणाचा आलेख ही रेषा नसून प्रतल असते, आणि तीन प्रतलांचा छेदनबिंदू कागदावर वाचणे व्यवहार्य नाही. लोप पद्धत मात्र तशीच पुढे चालते. प्राचीन चीनमधील ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या ग्रंथाचा आठवा अध्याय अशाच समीकरणांचा आहे. सहगुणक मोजकाड्यांनी स्तंभांत मांडून तिथे एकेका पदाचा लोप केला जातो, आणि त्या ग्रंथावरची ल्यू हुई याची टीका इ.स. २६३ मधील आहे. त्या अध्यायातील पहिले उदाहरण तीन प्रतींच्या धान्याच्या पेंढ्यांविषयी आहे, आणि आजच्या लेखनात ते असे दिसेल:

३क्ष + २य + झ = ३९ … (५)
२क्ष + ३य + झ = ३४ … (६)
क्ष + २य + ३झ = २६ … (७)

झ चा सहगुणक (५) आणि (६) मध्ये १ आहे, म्हणून झ चाच लोप करावा. (५) मधून (६) वजा केल्यास क्ष − य = ५. आता दुसरी जोडी घेताना पुन्हा झ चाच लोप करावा लागतो. इथे दुसऱ्याच चलाचा लोप केला, तर दोन समीकरणांत तिन्ही चले शिल्लक राहतात आणि आपण होतो तिथेच राहतो. (५) ला ३ ने गुणून त्यातून (७) वजा केल्यास ८क्ष + ४य = ९१. आता क्ष − य = ५ ला ४ ने गुणून यात मिळवावे: १२क्ष = १११, म्हणून क्ष = ९.२५. त्यावरून य = ४.२५, आणि (५) वरून झ = ३९ − २७.७५ − ८.५ = २.७५.

झ ची किंमत (५) वरून काढली असल्याने त्याच समीकरणात ताळा पाहण्यात फारसा अर्थ नाही. तो (६) आणि (७) मध्ये पाहावा. १८.५ + १२.७५ + २.७५ = ३४, आणि ९.२५ + ८.५ + ८.२५ = २६.